एका गाण्याचा सर्च रिपोर्ट

गुन्हा माझ्याच हातून घडला, हे आधी कबूल केलेले बरे. गेल्या महिन्यात एका दुपारी सोसायटीच्या वॉचमनने एक चौकोनी, चपटे पार्सल वर आणून दिले. नाव चिरंजीवांचे, ते ऑफिसात. पण आमच्या घरी त्याच्या नावाने येणाऱ्या पार्सलांपैकी निम्मी सौ.ने मागवलेली असतात. ती आतून म्हणाली, “अहो, उघडा. डोशाचा तवा असेल.” मी उघडले. आत तवा नव्हता. पण आकाराने अगदीच वेगळेही काही नव्हते. पिवळ्याजर्द वेष्टणावर रंगीत फुले, मध्ये तीन तरुणांचे चेहरे आणि वरून घट्ट बसवलेले पारदर्शक प्लॅस्टिक. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला आलेली वस्तू न उघडता ठेवण्याची सवय नसते. कात्री हाताशी होतीच. प्लॅस्टिकही कापले.

संध्याकाळी निखिल आला आणि दारातच थांबला.

“बाबा, सील तोडलंत तुम्ही?”

“रेकॉर्ड दिसली. बघावी म्हटलं.”

“अहो, ती तशीच ठेवायची होती. सील असलं तरच तिला भाव.”

“केवढ्याची आहे?”

“बेचाळीसशे. दोन-चार वर्षांत दुप्पट झाली असती.”

“आणि आता?”

“आता ती वापरलेली झाली.”

दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सात एवढ्या अवधीत, एकदाही न वाजवता, वस्तू वापरलेली होते, हे मला नवीन होते. मग चौकशी करता कळले, की अशा सात रेकॉर्डी त्याच्या कपाटात आहेत आणि सातही सीलबंद आहेत. त्या वाजवायला लागणारा प्लेअर मात्र घरात नाही. गाणी तो मोबाइलवर ऐकतो. मला वाटले, हे खूळ आमच्याच घरातले असेल. तसे नाही. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डींनी विक्रीच्या संख्येत सीडीला मागे टाकले. १९८७ नंतर प्रथमच असे घडले. आणि त्यानंतरच्या एका पाहणीत असे आढळले, की तिथे रेकॉर्डी विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडे रेकॉर्ड प्लेअर आहे. म्हणजे उरलेले निम्मे आमच्या निखिलचे भाऊबंद.

मी कर्जविभागात बराच काळ काढला. सोने तारण ठेवून घेतले, शेअर ठेवून घेतले, विमा पॉलिसी ठेवून घेतल्या. एका गृहस्थांनी तर घरातली पितळी समई ठेवता येईल का, असेही विचारले होते. तेव्हा या सीलबंद रेकॉर्डीकडे मी सवयीने तारण म्हणूनच पाहिले. तिच्यावर व्याज नाही, लाभांश नाही, भाडे नाही. तिची किंमत दुसरा कोणी आपल्याहून वेडा भेटण्यावर अवलंबून. आणि मूल्यांकन करणाराच चुकला तर? २०२२ मध्येच अमेरिकेतली एक नामांकित कंपनी, मोबाइल फिडेलिटी, अडचणीत आली. मूळ फितीवरून थेट कापलेल्या समजून शौकिनांनी चढ्या भावाने घेतलेल्या तिच्या कित्येक रेकॉर्डींच्या घडणीत मध्ये संगणकाची पायरी होती, असे उघड झाले. कानाने वर्षानुवर्षे कोणाला ते ओळखता आले नव्हते. प्रकरण अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले. ही हकिगत मी निखिलला जरा जास्तच चवीने सांगितली, हेही कबूल करतो.

पण मग त्याने या पिवळ्या रेकॉर्डीची हकिगत सांगितली, आणि माझा सूर थोडा उतरला.

‘डी ला सोल’ हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे तीन तरुण. त्यांचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा रॅपचा संग्रह मार्च १९८९ मध्ये आला. तोवर रॅप म्हणजे रागावलेल्या पोरांचे काम, अशी समजूत होती. यांनी फुले काढली, विनोद केले, आणि दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींचे तुकडे कापून आपल्या गाण्यांत शिवले. गोधडीच ती. असे साठाहून अधिक तुकडे त्यात आहेत. एका ठिकाणी तर फ्रेंच भाषा शिकवणारी रेकॉर्ड वाजते. त्याच तुकड्यामागे ‘टर्टल्स’ नावाच्या जुन्या मंडळींच्या गाण्याचा अंश होता. त्यांनी खटला भरला आणि तो बाहेरच्या बाहेर मिटवावा लागला. इतर तुकड्यांसाठी जे करार झाले, ते त्या काळच्या समजुतीप्रमाणे रेकॉर्ड आणि कॅसेट यांच्यापुरते लिहिलेले. पुढे गाणी तारांमधून आणि हवेतून फिरू लागली, तेव्हा ती मुभा करारांत नव्हती. त्यामुळे जग ज्याला श्रेष्ठ मानते असा हा संग्रह मोबाइलवर ऐकताच येईना. २०२१ मध्ये कंपनीचे मालक बदलले, नव्यांनी एकेका तुकड्याची परवानगी निस्तरली, आणि ३ मार्च २०२३ रोजी तो सगळीकडे आला. नवी रेकॉर्डही छापली गेली. तिघांपैकी डेव्हिड जोलिकर हा त्याच्या तीन आठवडे आधी, १२ फेब्रुवारीला वारला होता.

हे ऐकताना मला मालमत्तेचा सर्च रिपोर्ट आठवला. गृहकर्ज देण्यापूर्वी बँकेचा वकील सूची क्रमांक दोन चाळतो, तीस वर्षांचे व्यवहार पाहतो, कोणाचा बोजा आहे का, कोण्या बहिणीची सही राहिली आहे का, ते लिहून देतो. टायटल क्लिअर नसेल तर घर कितीही सुंदर असो, कर्ज नाही. गाण्याचेही तसेच आहे, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी समजले. या पोरांची गोधडी इतकी वर्षे अडकून पडली होती ती चिंध्यांच्या वारसांमुळे.

मग मला आमच्या घरच्या गोधडीची आठवण झाली.

कर्वेनगरातला हा फ्लॅट आम्ही १९९१ मध्ये स्टाफ लोनवर घेतला. तेव्हा वनदेवीच्या पुढे वारज्याच्या बाजूला शेते दिसत. पुढच्या वर्षी केबल आली, आणि त्याच वर्षी, १९९२ मध्ये, मुंबईच्या मॅग्नासाउंड कंपनीने बाबा सेहगलचा ‘ठंडा ठंडा पानी’ काढला. लखनौकडचा हा मुलगा हिंदीत रॅप करी, स्वतःचीच टिंगल करी, पुढे दूरदर्शनवर ‘सुपरहिट मुकाबला’ घेऊन घरोघरी पोचला. आज त्याचे नाव काढले की लोक हसतात. तेव्हाही हसत होते, पण कॅसेट घेत होते. सोसायटीच्या गणपतीत आरती संपून स्पीकर मोकळा झाला, की पोरांची पहिली फर्माईश तीच. चार वर्षांचा निखिल टेबलावर उभा राहून ते सगळे गाणे बडबडत असे. अर्थ त्याला कळत नव्हता, मलाही फारसा कळत नव्हता.

(रॅप म्हणजे आपले भारूडच, असे म्हणण्याची हल्ली एक पद्धत आहे. मला ते पटत नाही. भारुडाला नाथांचा अध्यात्माचा खोल आधार आहे, आणि रॅपला त्याची गरजही नाही. परकी वस्तू आवडली तर परकी म्हणून आवडून घ्यावी.)

आता या गाण्याचा सर्च काढू. ‘ठंडा ठंडा पानी’ हे शीर्षकगीत बेतले आहे व्हॅनिला आइस या अमेरिकन गोऱ्या रॅपरच्या ‘आइस आइस बेबी’वर. साल १९९०. त्या गाण्याचा जीव आहे त्याच्या बेसच्या ओळीत, आणि ती आली आहे क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या ‘अंडर प्रेशर’मधून. व्हॅनिला आइसने सुरुवातीला त्यांचे नाव घातले नव्हते. नंतर तडजोड झाली आणि श्रेयात त्यांची नावे आली. ‘अंडर प्रेशर’ मुद्रित झाले स्वित्झर्लंडमधल्या माँत्र्यू गावी. ते गाणारा क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा. आई-वडिलांनी त्याला १९५० च्या दशकात शिकायला कोठे पाठवले? पाचगणीला. सेंट पीटर्स शाळेत तो पियानो शिकला, आणि ‘हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड तिथेच निघाला.

म्हणजे इथून खंबाटकी ओलांडायची, वाईवरून पसरणीचा घाट चढायचा, की आपण त्या गाण्याच्या एका मालकाच्या वसतिगृहाशी पोचतो. तिथून हे टायटल लंडन, स्वित्झर्लंड, अमेरिका, मुंबई असे फिरत कर्वेनगरच्या गणपतीत आले. माझ्या नोकरीत एवढा लांबचा फेरफार मी पाहिला नाही.

सांगायचा मुद्दा असा, की ‘डी ला सोल’ची पिवळी रेकॉर्ड पुन्हा निघाली, कारण तिच्यामागे बोजे फेडण्याइतका बाजार होता. ‘ठंडा ठंडा पानी’ची अशी संग्राह्य आवृत्ती मी तरी कोठल्या दुकानात पाहिलेली नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. १९९२ मध्ये साठ मिळवा. २०५२ संपेपर्यंत मालकाच्या परवानगीशिवाय कोणाला ते छापता यायचे नाही, आणि मालकाला छापावेसे वाटायला गिऱ्हाईक हवे. तोवर कॅसेट टिकेल काय?

इथे रेकॉर्ड आणि कॅसेट यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. रेकॉर्ड म्हणजे पीव्हीसी, नळाच्या पाइपाचे जवळचे नातेवाईक. आवाज तिच्यात खाचेच्या रूपाने कोरलेला असतो. ओरखडा पडला तर टकटक होते, पण गाणे जागेवर राहते. कॅसेटमध्ये आवाज म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीला डिंकासारख्या लेपाने चिकटवलेली चुंबकी पूड. लेप सुटला की पूड सुटली. त्यात पुण्याचा पावसाळा, त्यात माळ्यावरचा खोका. आणि आपल्याकडे १९८० नंतरची पंधरा-वीस वर्षे जे काही नवे, स्वस्त, अप्रतिष्ठित गाणे झाले ते मुख्यतः याच पट्टीवर झाले. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांतून गावोगाव गेले ते कॅसेटमुळे. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय गवयांच्या मैफली घराघरांत पोचवल्या त्याही कॅसेटवरच. ते दुकान आता नाही. मुंबईचे काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउसही २०१६ मध्ये बंद झाले.

पुनर्मुद्रण मात्र होते आहे ते आधीच सुरक्षित असलेल्या गोष्टींचे. ज्या हिंदी चित्रपटांची गाणी चार प्रकारांत उपलब्ध आहेत, त्यांचीच पाचव्यांदा जाड, रंगीत, क्रमांक घातलेली रेकॉर्ड. २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्डी छापणारा नवा कारखाना सुरू झाला, हे वाचून मला आनंद झाला होता. दमदमच्या कारखान्यातल्या रेकॉर्डींवर आमची पिढी वाढली. वडिलांनी घेतलेला एच.एम.व्ही.चा फिएस्टा अजून आमच्या माळ्यावर आहे. पण त्या कारखान्याच्या साच्यात काय घालायचे, हे शेवटी विकत घेणारा ठरवणार, आणि विकत घेणारा जर सील न फोडणारा असेल, तर त्याला आत काय आहे याच्याशी कर्तव्य उरत नाही.

मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे हे दुखणे मला घरचे वाटते. माझ्या एका कादंबरीची आवृत्ती संपून बरीच वर्षे झाली. प्रकाशकांनी मध्यंतरी कापडी बांधणीची, माझी सही असलेली, मोजक्या प्रतींची आवृत्ती सुचवली. मी म्हटले, साधी काढा, शंभर पाने कमी पांढरी असली तरी चालतील, पण एसटीत वाचता आली पाहिजे. ते बोलणे तिथेच थांबले.

अर्थात हौशी संग्राहकांना सरसकट नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी लाखेच्या जुन्या तबकड्या शोधल्या, ऐकल्या, त्यांच्यावर लिहिले, लोकांना जमवून ऐकवल्या. हे जमवणे वेगळे. आणि चरणजितसिंग यांचे उदाहरण तर आपण शरमेने आठवावे असे आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारा हा वादक. १९८२ मध्ये त्यांनी जपानी यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातले तालाचे यंत्र, रोलँडचे ८०८, हे तेच, ज्याच्यावर त्याच सुमारास अमेरिकेतले रॅप उभे राहत होते. रेकॉर्ड निघाली आणि विसरली गेली. पुढे एदो बाउमन नावाच्या डच शौकिनाच्या हाती जुन्या बाजारात एक प्रत लागली, त्याने ती वाजवली, तो चकित झाला, आणि २०१० मध्ये तिचे पुनर्मुद्रण हॉलंडमधून झाले. सत्तरी गाठलेले चरणजितसिंग मग युरोपात कार्यक्रम करत हिंडले. २०१५ मध्ये ते गेले. बाउमनने ती प्रत सीलबंद ठेवली असती तर?

हा शेवटचा प्रश्न मी निखिललाही विचारला. तो म्हणाला, “बाबा, तुमच्या त्या कॅसेटी तरी कुठे वाजवता तुम्ही?”

याला उत्तर नव्हते. खोका काढला. पस्तीस-चाळीस रुपयांना घेतलेली ‘ठंडा ठंडा पानी’ त्यात होती. तिच्या पाठीवरच्या दोन खाचांवर सेलोटेप चिकटवलेली. माझेच काम. विकतच्या कॅसेटवर पुसून नवे मुद्रण होऊ नये म्हणून त्या खाचा मोकळ्या असतात. त्या बुजवल्या की मुद्रण होते. त्या गणपतीत कोरी कॅसेट घरात नव्हती, म्हणून मी दुसरी बाजू पुसून तिच्यावर निखिलचे गाणे भरले होते. तेव्हा या गाण्यावरचा सर्वांत अलीकडचा बोजा आमचाच निघाला. बाबा सेहगलची दुसरी बाजू आमच्यापुरती आम्ही नष्ट केली होती.

पट्टीवर पांढरट बुरशी दिसत होती. आम्ही दोघे बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या आसपास अजून एक-दोन माणसे हे काम करतात. त्यांनी स्क्रू काढून कॅसेट उघडली, पट्टी दुसऱ्या सांगाड्यात घातली, दाबपट्टीचे वाळलेले फेल्ट बदलले. दीडशे रुपये घेतले. म्हणाले, “एकदा वाजेल. दुसऱ्यांदाचं मी सांगत नाही. काय भरून घ्यायचं ते पहिल्या खेपेलाच घ्या.”

रविवारी सकाळी निखिलने कुठूनतरी आणलेला टेप संगणकाला जोडला. सौ.ने कुकर बंद ठेवला. आधी नुसती खरखर. मग टेबलावर पाय आपटल्याचा आवाज, आणि चार वर्षांच्या निखिलचे अर्धे हिंदी, अर्धे स्वतःचे असे काहीतरी. शब्द उच्चारता आला नाही की तो तिथे नुसते ‘डिंग डिंग’ म्हणे. चाळिशीकडे आलेला निखिल हसू दाबून पडद्याकडे पाहत होता. दोन-अडीच मिनिटांनी मागून आवाज आला, “अरे, त्याला खाली उतरवा कोणीतरी, पडेल. आणि ते यंत्र बंद करा, विजेचं बिल कोण भरतं?”

माझी आई. ती १९९८ मध्ये गेली. तिचे फोटो आहेत, सहीची पासबुके आहेत. आवाज कोठे असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. तिच्या सांगण्यावरून मी तेव्हा लगेच यंत्र बंद केले असावे, कारण पुढे काही नाही. काही सेकंदांनी पुसायचा राहून गेलेला बाबा सेहगलचा तुकडा सुरू झाला.

निखिलने आधी मुद्रण नीट उतरले की नाही ते पाहिले. तीन मिनिटे चाळीस सेकंद. एक प्रत माझ्या बहिणीला लगेच नाशिकला पाठवली, तिचा फोन आला, त्यावर लिहीत नाही. कॅसेट पुन्हा लावायचा धीर आम्हाला झालेला नाही.

रेकॉर्ड प्लेअर निखिलने मागवला आहे. बाकीच्या सातांचे सील तो फोडेल असे मला वाटत नाही, पण पिवळी वाजवायची ठरली आहे. तोवर ती कपाटात उभी ठेवली आहे. एकावर एक आडव्या ठेवल्या तर रेकॉर्डी वाकतात, एवढे मला फिएस्टाच्या दिवसांपासून माहीत आहे.